जाळीवरचा पतंग

खिडकीच्या जाळीवर नखाएवढा पतंग बसला होता. राखी पंख पसरलेले, कडेला पांढरी रेघ, मिशा पिसासारख्या. पतंगांच्या जाती ओळखण्यात माझ्या वडिलांचा, अण्णांचा, जन्म गेला. लहानपणी मी अशाच एकाला फुलपाखरू म्हटलं, तर भरल्या ताटावरून उठून त्यांनी भिंग आणलं होतं. "फुलपाखराच्या मिशांना टोकाशी गाठ असते. इथे आहे का? नीट बघ!" भात निवून गेला.

आज त्यांनीच माझी बाही ओढली. हल्ली ते मला ओळखत नाहीत. जाळीकडे बोट दाखवून हसले, "अहो बाई, बघा, फुलपाखरू!"

"हो अण्णा, फुलपाखरूच."

चुकीच्या नावानं पतंगाचं काही बिघडलं नाही. तो होता तसाच बसून राहिला. मला तसं जमेना.