खांब आणि फळी यांच्यामधली जागा

ऑपरेशन माझ्या पोटाचं झालं आणि सल्ले सगळ्या पेणने दिले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. जठराची छोटीशी पिशवी करून तिला आतडं जोडतात, बाकीचं जठर नुसतं बसून राहतं, असलं काही आमच्या आळीत कुणी ऐकलं नव्हतं. मुंबईचा डॉक्टर ते परदेशात शिकून आला होता. मी घरी आल्यावर शेजारचे काका भेटायला आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "आरं, पण मग काढलं काय?"

प्रश्न रास्त होता. बाहेरून काहीच गेलेलं दिसत नव्हतं. छातीच्या खालपासून बेंबीपर्यंत टाके तेवढे जास्तीचे आले होते.

मी हे दुखणं हौसेने ओढवून घेतलं नव्हतं. साखर वाढली होती, गुडघे बोलत होते, हे खरंच. पण खरं कारण आमच्या कारखान्यात होतं. पेणमध्ये कारखाना म्हणजे गणपतीचाच. आमचा घराच्या मागच्या पडवीत होता आणि मूर्तींचे डोळे वडील आखायचे. त्यांची जागा ठरलेली. उत्तरेच्या खिडकीखाली भिंत, भिंतीला बसल्या माणसाच्या पोटाच्या उंचीवर आजोबांनी ठोकलेली रंगांच्या डब्यांची फळी आणि समोर छपराचा खांब. मधल्या फटीत मांडी घालून बसायचं, मूर्ती मांडीला टेकेल इतकी जवळ ओढायची, कोपर गुडघ्यावर रोवायचं आणि श्वास धरून बुबुळ भरायचं. उजेड तिथेच बरोबर पडायचा. आखणी साधली तर समोर उभं राहणाऱ्याला वाटतं, हा आपल्याकडेच बघतोय.

वडिलांना काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही जाणार, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. आई पूर्वीच गेली होती, ताई रोह्याला दिली होती. डोळे आखायला मीच उरलो. आखणी मला येत होती, पण मी त्या फटीत मावत नव्हतो. आदल्या वर्षी मी पुढच्या पडवीत बसून काही मूर्ती केल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "ह्यो गणपती अजून उठला नाय वाटतं."

मी वडिलांना एकदा भीतभीत विचारलं होतं, "बाबा, ती फळी काढू या का?"

"फळी तुझ्या आजोबांनी ठोकलेली हाय. ती नाय हलायची. तू कमी हो."

म्हणून मी कमी व्हायला निघालो. ऑपरेशन माघात झालं. डोळ्यांचं काम आषाढ-श्रावणात. मधे एवढे महिने होते, चिंतेचं कारण नव्हतं.

शुश्रूषेसाठी ताईने मला रोह्याला नेलं. भावोजी कंपनीत शिफ्टला असायचे, त्यामुळे माझ्यावर लक्ष ठेवायला ताई दिवसभर मोकळी होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थोडं थोडं आणि आधी पातळच. ताईने ते मनावर घेतलं. पुढे संकष्टीला मात्र तिला राहवलं नाही. "एक मोदक. प्रसादाला नाय म्हणू नये." मी खाल्ला. घामाने सदरा भिजला, छाती धडधडली, डोळ्यांपुढे अंधारी आली. नव्या पोटाला गोड चालत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. ताईने मीठ-मोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढली. दृष्ट लागावी असं माझ्यात काय होतं, ते मी विचारलं नाही.

वजन करायला मी शेजारच्या भाताच्या गिरणीवर जायचो. तिथल्या काट्यावर पोती चढायची. गिरणीवाला गंभीर माणूस होता. मी उभा राहिलो की विचारायचा, "बारदान वजा करू?" कपडे वजा करूनही आकडा हलायचा नाही. रविवारी शटल गाडीने पेणला यायचो आणि कुणी बघत नाहीसं पाहून त्या फटीत शिरायचा प्रयत्न करायचो. एक बाजू आत जायची, दुसरी बाहेर राहायची. वडील पलीकडे मूर्तीला अगदी नाक लावून बसलेले असायचे. त्यांना मी दिसत नसे, पण फळीवरचे डबे खडखडले की ते म्हणायचे, "आज नाय वाटतं."

चैत्र गेला, वैशाख गेला. सरळ सांगतो, मी घाबरलो होतो. पोट फाडून घेतलं ते फुकट गेलं असं वाटायला लागलं.

ताई मला घेऊन मुंबईला डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी विचारलं, "खाता काय?"

"जवळजवळ काहीच नाही," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. दोन घास भात गेला की पोट हात वर करायचं.

"आणि पिता काय?"

याचं उत्तर ताईने अभिमानाने दिलं. नारळाच्या दाट दुधाची सोलकढी, पेज, पेजेवर तुपाची धार, साईचं दूध. तांब्या उशाशी भरलेलाच असायचा. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी समजावलं की पातळ पदार्थ छोट्या पिशवीतून सरळ खाली उतरतात आणि अंगाला मात्र पुरते लागतात.

परतीच्या एसटीत ताई पनवेलपर्यंत बोटांवर पेजेचे तांबे मोजत होती. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "उपासाला प्यायलेलं कधी धरतात काय रे? मला वाटलं, प्यालेलं मोजतच नाय." मला तिचा राग आला होता, तो तिथेच उतरला. सगळं पेण आणि सगळं रोहा हाच हिशोब करतं. मीही तोच केला होता आणि वर तांब्या रिकामा केला होता.

सोलकढी बंद झाली. त्यानंतर वजन उतरायला लागलं, पण सरकारी कामासारखं. डॉक्टर म्हणाले, हळू उतरतंय ते बरंच आहे, उतरू दे. त्यांचं बरोबर होतं, पण गणपती त्यांच्या सल्ल्याने येत नाहीत.

श्रावण लागला तसा मी कायमचा पेणला परतलो. आल्या आल्या पडवीत गेलो, कुणी नव्हतं. श्वास ओढून फटीत शिरलो आणि आत गेलो. नीट मांडी घातली. मला हसू फुटलं, रोह्याला ऐकू जाईल अशी ताईला हाक मारावीशी वाटली. मग ब्रश घ्यायला हात फळीकडे नेला, तर हात भिंतीला लागला.

फळी नव्हती. भिंतीवर खिळ्यांची भोकं होती आणि फळीएवढा पांढुरका पट्टा, जिथे आजोबांच्या काळापासून धूळ बसली नव्हती. डबे खाली ओळीने मांडून ठेवले होते.

वडील दारात उभे होते. चौकट चाचपत आत आले.

"बाबा, मी कमी होतोय. जरा थांबायला हवं होतं."

"तू व्हशील सावकाश. माझे डोळे थांबत नायत," ते म्हणाले. "मूर्तीचा पाट घे जवळ."

मला रडू आलं. डोळे पुसून मी पहिली मूर्ती मांडीशी ओढली. तिचं पोट माझ्या पोटाला टेकलं, तरी कोपर गुडघ्यावर आलं. श्वास धरून मी दोन्ही बुबुळं भरली. वडील समोर बसले होते, मूर्तीपासून हातभर अंतरावर. पूर्वी ते नाक लावून तपासायचे. आज जागचे हलले नाहीत.

"बघतो का?" त्यांनी विचारलं.

"बघतोय."

"कुणाकडं?"

"तुमच्याकडे."

वडिलांनी चाचपत सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि नीट बसले.