नीरजाबाईंचा अठराचा रिपोर्ट

भीमाचार्यांच्या नाकावर राग असे, आणि तो बिनकारणाचा आहे असं त्यांना एकदाही वाटलं नाही. जयनगरातल्या एका लॅबमध्ये ते सव्वीस वर्षं लोकांचं रक्त तपासत होते, आणि सव्वीस वर्षांत लोकांनी त्यांना छळायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. उपाशीपोटी या म्हटलं की माणसं कॉफी पिऊन येत आणि वर विचारत, कॉफीला काय खाणं म्हणतात? कोणी नळीवर नावच लिहीत नसे. पण खरा छळ डॉक्टरांचा. ते चिठ्ठीवर नुसता आकडा खरडून पाठवत. आचार्य ती चिठ्ठी तशीच परत धाडत आणि खाली लाल शाईने विचारत, कसले एकशे चाळीस? माप लिहिलेलं नसेल तर आकडा वाचायचा नाही, हे त्यांनी इतक्यांदा बजावलं होतं की त्यांची पाठ वळली की लॅबमधल्या मुली ते वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवत. लॅबचे मालक वैतागून म्हणत, आचार्रे, स्वल्प अ‍ॅडजस्ट करा. आचार्य अ‍ॅडजस्ट करत नसत.

घर गांधीबजारामागच्या गल्लीत. घराण्याला बेंगळुरात तीनशे वर्षं झाली, त्यामुळे उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर कन्नड. नीरजाबाई, म्हणजे आचार्यांची बायको, मागच्या स्वयंपाकघरात चटणीपुडी कुटत आणि अर्ध्या गल्लीला पुरवत. उन्हाळ्यात गच्चीवर सांडगे घालत. मग पंच्याण्णव साली शेजारी चार मजली इमारत उठली आणि अंगणातलं ऊन गेलं ते गेलंच. भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागे. त्याचा कोणाला फारसा विचार पडला नाही. शहर वाढतंय, दुसरं काय, असं म्हणून सगळे गप्प बसले.

वर्षा-दीड वर्षाने नीरजाबाईंचे पाय दुखू लागले. मग कंबर, मग बरगड्या. बाई कुरकुरणाऱ्यातल्या नव्हत्या. पण जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर हात ठेवावा लागला, मग भिंतीला धरावं लागलं, आणि शेवटी कोणाला तरी हाक मारावी लागली. गच्चीचा जिना बंद झाला, सांडगे बंद झाले. चालताना त्या बदकासारख्या दोन्ही बाजूंना झुलू लागल्या आणि त्याची त्यांना लाज वाटे, म्हणून त्या देवळातही जाईनाशा झाल्या. त्यांचं वय होतं अठ्ठेचाळीस.

डॉक्टर झाले. एकाने वय झालं म्हटलं, दुसऱ्याने वजन कमी करा म्हटलं, तिसऱ्याने वाताच्या गोळ्या दिल्या. शेवटी कोणीतरी डॉक्टर उल्काचं नाव सांगितलं. ती पुण्याहून नुकतीच आली होती आणि हेब्बाळकडच्या एका दवाखान्यात बसायची. तिने नीरजाबाईंच्या नडगीवर अंगठा दाबला, तशा त्या कळवळल्या. उल्काने ताबडतोब रक्तातलं व्हिटॅमिन डी तपासायला सांगितलं. आचार्यांच्या डोक्यात तिडीक गेली. आपल्या देशात ऊन काय कमी आहे? पण ते रक्ताच्या बाबतीत प्रामाणिक होते, त्यांनी ते स्वतः काढलं. सत्त्याण्णव साल होतं. ही तपासणी मागणारे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांच्या लॅबमध्ये ती होतही नसे. नळी बर्फात ठेवून मुंबईला एका मोठ्या लॅबकडे पाठवायची आणि तीन आठवडे वाट पाहायची.

उत्तर आलं, अठरा. खाली छापलं होतं, नॉर्मल दहा ते पन्नास. उल्काने कागद दोनदा पाहिला, जरा चक्रावली, आणि म्हणाली की मग हे नाही, दुसरं काहीतरी शोधावं लागेल. आचार्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. पण ते ओझं उतरलं आणि त्या जागी राग येऊन बसला. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे दुखायचं काही कारणच नाही.

पुढचे सहा महिने त्या घरात हे एकच वाक्य घुमलं. बाईंनी उठताना आई गं म्हटलं की आचार्य वर्तमानपत्रातून तोंड वर न काढता सांगत, रिपोर्ट नॉर्मल आहे. भाताचं पातेलं हातातून सुटलं, तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं. सुरुवातीला बाई म्हणत, असेल, पण मला उठवत नाही. मग त्यांनी तेही म्हणणं सोडलं. आपल्यालाच काही भास होतो की काय, अशी त्यांना मनातून भीती वाटू लागली होती, आणि ही गोष्ट त्या कोणालाच सांगू शकत नव्हत्या. एका डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरांकडे न्या म्हटलं. आचार्यांनी सोमवारची वेळ घेतली. बाई सरी, बरं, म्हणाल्या आणि भिंतीला धरून आत गेल्या.

त्याच शनिवारी लॅबचा टायपिस्ट दामोदर सुटीवर होता. मुंबईहून आलेले रिपोर्ट जसेच्या तसे रुग्णाला द्यायचे नाहीत, असा मालकांचा शिरस्ता. लोक उद्या परस्पर मुंबईला जातील, ही भीती. म्हणून प्रत्येक रिपोर्ट आपल्या लॅबच्या कागदावर नव्याने उतरवायचा. माप आणि नॉर्मल आकडे त्या कागदावर आधीच छापलेले असत. दामोदर फक्त नाव आणि आकडा टाइप करी, आचार्य सही करत. त्या दिवशी आचार्य कुरकुरत स्वतः टाइपरायटरवर बसले. कोणा परक्या बाईंचा व्हिटॅमिन डीचा रिपोर्ट होता, नीरजाबाईंच्या नंतरचा पहिलाच. मुंबईच्या कागदावर आकडा होता, आणि आकड्यापुढे लिहिलं होतं, नॅनोमोल. त्यांच्या छापील कागदावर होतं नॅनोग्रॅम.

आचार्यांची बोटं थांबली. तोच तांदूळ शेराने मोजला तर एक आकडा येतो आणि किलोने तोलला तर दुसरा. मुंबईवाल्यांनी सात-आठ महिन्यांपूर्वी परदेशी किट बदललं, त्याबरोबर माप बदललं, आणि इथे जुनाच छापील कागद चालू राहिला. नॅनोमोलचं नॅनोग्रॅम करायला अडीचने भागायचं. एवढं तर शाळेतल्या पोरालाही जमेल.

ते उठले आणि फायलींचं कपाट उपसायला लागले. नीरजाबाईंचा मुंबईचा मूळ कागद सापडला. अठरा नॅनोमोल. त्यांनी लाल शाईने समासात भागाकार केला. सात पूर्णांक दोन. दहाच्याही खाली. डॉक्टर उल्का पहिल्या दिवसापासून बरोबर होती.

त्याखाली त्यांच्याच लॅबचा कागद होता, आणि त्यावर सही त्यांची. त्यांना ती संध्याकाळ आठवली. सह्यांचा गठ्ठा समोर होता, तरीही दुसऱ्या कोणाचा रिपोर्ट असता तर त्यांनी मूळ कागद मागून ताडून पाहिला असता. बायकोचा होता, म्हणून ते आकड्याकडे धावले. अठरा दहाच्या वर आहे एवढं पाहिलं आणि सुटल्यासारखं वाटून सही ठोकली. सव्वीस वर्षं जगाला ओरडून सांगितलेली गोष्ट त्यांनी स्वतः एकदाच मोडली होती. खापर दामोदरवर फोडता आलं असतं. त्यांनी क्षणभर तसा विचारही केला, आणि मग स्वतःचीच किळस येऊन कपाट लावून टाकलं.

त्यांनी उल्काला फोन करून सगळं सांगितलं, त्या परक्या बाईंच्या रिपोर्टवर खरं माप लिहिलं, जुने सगळे रिपोर्ट पुन्हा तपासायचे म्हणून मालकांशी कडाकडा भांडले आणि दोन्ही कागद घेऊन घरी आले. बाई स्टुलावर बसून डाळ निवडत होत्या. आचार्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मापाचं सांगितलं, सहीचं सांगितलं. सोमवारी कुठे जायचं नाही, उल्का उद्यापासून इंजेक्शनं सुरू करणार आहे, रोज उन्हात बसायचं आहे, हेही सांगितलं. कागद चुकला, असं ते दोनदा म्हणाले.

नीरजाबाईंनी डाळीचं ताट खाली ठेवलं. त्या रडतील असं त्यांना वाटलं होतं. त्या भडकल्या होत्या.

“कागद चुकला म्हणता. सहा महिने मी तोंडाने सांगत होते, त्याचं काय? तेव्हा तुम्हाला मी चुकतेय असंच वाटलं ना?”

आचार्य चुकीचा कागद फाडायला लागले, तर बाईंनी तो हातातून काढून घेतला आणि चटणीपुडीच्या रिकाम्या डब्यात घालून झाकण लावलं. “हा राहू दे. मला लागेल.”

इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. सुरुवातीचे दिवस आचार्य त्यांना हाताला धरून एकेक पायरी चढवत गच्चीवर नेत. वर पोचल्यावर बाई उन्हात पाय पसरून बसत आणि त्यांच्याशी अवाक्षर बोलत नसत. आचार्य तिथेच छत्री घेऊन उभे राहत, कारण त्यांना स्वतःला ऊन सोसत नसे.

चार महिन्यांनी एका दुपारी दोघं खाली जेवायला बसले होते. बाई म्हणाल्या की उजव्या गुडघ्यात अजून जरा ठणकतंय. आचार्यांच्या डाव्या हातात त्याच आठवड्याचा नवा रिपोर्ट होता, माप लिहिलेला, मुंबईच्या मूळ कागदावरचा. त्यांच्या तोंडून सवयीने गेलं, “पण आता तर नॉर्म...”

नीरजाबाई ताटावरून उठल्या. गुडघ्याला हात लावला नाही, भिंत धरली नाही. तशाच सरळ फडताळापाशी गेल्या, डबा काढला आणि आणून आचार्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

आचार्यांनी डब्याकडे पाहिलं नाही. त्यांचं लक्ष बायको उठली कशी याकडे होतं. “कुठे दुखतंय म्हणालीस?” त्यांनी विचारलं.