तिसऱ्या सिलिंडरचा आवाज

रणोजीराव मोऱ्यांच्या कानाची कीर्ती म्हैसूरच्या बन्नीमंटपापासून थेट नंजनगूडपर्यंत पसरली होती, आणि ती पसरवण्यात स्वतः रणोजीरावांचा वाटा निम्म्याहून थोडा जास्तच असेल. लॉरी शेडसमोर उभी राहिली की पाने-हातोडी बाजूला ठेवून ते आधी लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर काढायचे. टोक इंजिनाला, मूठ उजव्या कानाला, डोळे मिटलेले. मग म्हणायचे, "दुसऱ्याचा नोझल." आणि दुसऱ्याचाच नोझल निघायचा. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते आणि टापांच्या आवाजावरून कुठला नाल सैल झालाय ते सांगायचे, असं घरात सांगत आले होते. रणोजीरावांनी आयुष्यात घोड्याच्या जवळ जायचं धाडस केलं नव्हतं, पण कान आपल्याकडे तिथूनच आला याबद्दल त्यांना शंका नव्हती.

घरात मात्र या कानाची कोणी पत्रास ठेवत नसे. "कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, तुम्ही इथंच बसलाय की. उठून गॅस बंद कराला काय झालं?" गोदावरीबाई विचारायच्या. रणोजीराव पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "माझं ध्यान न्हवतं." एकसष्टाव्या वर्षी नवऱ्याचं ध्यान कुठे असतं, हा प्रश्न गोदावरीबाईंनी सोडून दिला होता.

त्यांचं ध्यान असायचं ते कमलाक्षीच्या लॉरीवर. ही लॉरी तिच्या नवऱ्याने, सयाजीरावांनी, बावीस वर्षांपूर्वी नवी घेतली, कपाळावर 'चामुंडी' असं रंगवून घेतलं आणि पहिल्या दिवशी रणोजीरावांच्या शेडवर आणली. सयाजीराव नऊ वर्षांपूर्वी गेले. नातेवाइकांनी गाडी विकायचा सल्ला दिला, तेव्हा कमलाक्षीने तो ऐकून घेतला, सगळ्यांना कॉफी दिली आणि दुसऱ्या दिवशी अंबाजीराव ड्रायव्हरला घेऊन तांदळाच्या फेऱ्या सुरू केल्या. इतक्या वर्षांत त्या इंजिनाचा एक बोल्टसुद्धा दुसऱ्या कोणी सोडवला नव्हता. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, तर मान ठरलेला. देवराज मोहल्ल्यातून झेंडू यायचा, कमलाक्षी पूजा करायची, कोहळा फुटायचा, आणि मग रणोजीराव ड्रायव्हरच्या जागी बसून चाकांखालच्या लिंबांवरून गाडी पुढे काढायचे. लिंबं फट्‌दिशी फुटली की कमलाक्षी हात जोडायची. अलीकडे बाजारात लिंबंही पाणचट येतात, फुटलेली कळतसुद्धा नाहीत, अशी रणोजीरावांची दोन वर्षांची तक्रार होती.

अशा या गाडीला यंदा गणपतीनंतर दुसऱ्याने हात लावला.

बातमी आणली ती अंबाजीरावांनी, आणि तीही कौतुकाने. रणोजीरावांच्या शेडमध्ये बसून, त्यांचाच चहा पीत ते म्हणाले, "रणोजीअण्णा, काय सांगू. गुडलूरच्या पुढचा घाट आपली गाडी दुसऱ्या गियरवर रडत चढायची की न्हाई? आता भरलेली गाडी तिसऱ्यावर जाती. लिटरला चार द्यायची, ती पावणेपाच द्यायली. कॅमशाफ्ट बदललं, अष्टे, एवढंच."

"कोणी?"

"हेब्बाळचा तो विक्रांत."

रणोजीरावांच्या हातातला ग्लास तसाच राहिला. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला उंचवट्यांचा दांडा. तो फिरतो, त्याचे उंचवटे व्हॉल्व उघडतात, आणि इंजिन श्वास घेतं. विक्रांतने त्या उंचवट्यांचा घाटच बदलला होता, व्हॉल्व जरा जास्त वेळ आणि जरा जास्त उघडावेत असा. पंपाचं टायमिंगही त्याच्याशी जुळवून दिलं होतं. हे सगळं रणोजीरावांना एका वाक्यात कळलं. न कळण्यासारखं काही असतं तर बरं झालं असतं, कारण मग त्याला थोतांड म्हणता आलं असतं. कॅम काढायचा म्हणजे रेडिएटर उतरवायचा, पुढचं कव्हर खोलायचं, सगळं इंजिन उघडं करायचं. त्यांच्या चामुंडीला कोणीतरी असं उघडं केलं होतं, आणि ते इथे बसून दुसऱ्यांच्या गाड्यांचे क्लच दाबत होते.

विक्रांत हा इचलकरंजीचा माणूस. दहा-बारा वर्षांपूर्वी कंपनीच्या नोकरीवर म्हैसूरला आला आणि पुढे ती सोडून त्याने स्वतःचं मशीन-शॉप टाकलं. वय चाळीस, शर्ट इस्त्रीचा, आणि मराठी अशी की ऐकताना रणोजीरावांना आपल्याच भाषेत आपण भाडेकरू असल्यासारखं वाटायचं. त्याच्यावर राग धरायलाही तो जागा देत नसे. भेटला की वाकून नमस्कार करायचा. नमस्कार करणाऱ्याचा हेवा करायचा म्हणजे दुप्पट कष्ट, पण रणोजीराव कष्टाला कधी मागे हटले नव्हते.

दोन दिवसांनी कमलाक्षी स्वतः गाडीबरोबर आली. पदराखाली मैसूरपाकाचा डबा होता आणि चेहऱ्यावर संकोच. ती म्हणाली, "अण्णा, तुम्हांला आधी सांगाला पाहिजे होतं."

"छे छे. तुझी गाडी हाय, तुझी मर्जी," रणोजीराव म्हणाले, आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर आले. इंजिन चालू होतं. मूठ कानाला लावून त्यांनी डोळे मिटले. इंजिन घुमत होतं, भरदार, एकसारखं, तक्रारीला जागा नाही असं. ते ऐकून त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तिसऱ्यात टकटक हाय."

"मला कुठं ऐकू येत न्हाई," कमलाक्षी म्हणाली.

"तुला कसं येईल? त्याला कान लागतो. हा कॅम इंजिन खाणार बघ."

एकदा बोललेलं खोटं निस्तरण्यापेक्षा पुन्हा पुन्हा बोलणं सोपं असतं. पुढचे पंधरा दिवस रणोजीरावांनी तेच केलं. चहाच्या टपरीवर, टायरवाल्याकडे, वजनकाट्यावर, जो भेटेल त्याला ते चामुंडीच्या तिसऱ्या सिलिंडरची टकटक ऐकवत होते. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही म्हणतात, पण या कावळ्याचा कान नावाजलेला होता. दोन लॉरीवाल्यांनी विक्रांतकडे ठरवलेलं काम रद्द केलं. रणोजीरावांना त्या दिवशी जेवण गोड लागलं, आणि संध्याकाळी अंबाजीराव हॉर्न वाजवत भरधाव शेडवरून गेले तेव्हा ते पुन्हा कडू झालं.

अखेर आयुधपूजेच्या तीन दिवस आधी सकाळी चामुंडी शेडसमोर येऊन थांबली. कमलाक्षी उतरली, अंबाजीराव उतरले, आणि मागून स्कूटरवर विक्रांत आला.

कमलाक्षी म्हणाली, "अण्णा, मला झोप न्हाई. घाटात इंजिन बसलं तर मी काय करू? तुम्हीच उघडून बघा. तुम्ही वाईट म्हणालात तर हे विक्रांत जुना कॅम परत घालून देतो म्हणतात. मग गाडी पयल्यासारखी तुमच्याकडंच. तुम्ही सांगाल तसं."

"काका, तुम्हीच बघा. बावीस वर्षं तुमचा हात आहे या इंजिनावर," विक्रांत म्हणाला. "मी इथे उभा राहत नाही, तुम्हाला बरं वाटणार नाही." आणि तो अंबाजीरावांना घेऊन रस्त्यापलीकडच्या टपरीवर गेला. कमलाक्षी दाराशी स्टुलावर बसून फोनवर झेंडूच्या माळांचा भाव करू लागली.

रणोजीरावांनी वरचं टॅपेट कव्हर काढलं. आत सगळं नव्या भांड्यासारखं लखलखत होतं. टॅपेटमधली फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्या त्यांनी बाहेर काढल्या. एरवी ते पट्टी वापरत नसत, हाताच्या अंदाजावर भागायचं. पण आज त्यांना चूक शोधायची होती. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा तर असा की पट्टी लोण्यातून जावी तशी गेली. बाराच्या बारा जागा त्यांनी मोजल्या आणि एकाही जागी चूक नव्हती. इतक्या वर्षांत आपण एकदा तरी इतकं नेमकं बसवलं होतं का, असा प्रश्न त्यांच्या मनात आला, आणि त्यावर उत्तर म्हणून त्यांनी पाना उचलला.

तिसऱ्याचा नट सोडवून त्यांनी स्क्रू अर्धा फेरा उलटा फिरवला आणि नट पुन्हा आवळला. एवढी फट ठेवली की टॅपेट हातोडीसारखा वाजतो, हे कालचा शिकाऊही सांगेल. चामुंडी परत मिळणार होती, तिच्याबरोबर मान आणि पूजेची ती जागाही. कव्हर लावून त्यांनी कमलाक्षीला किल्ली फिरवायला सांगितलं.

इंजिन चालू झालं. रणोजीरावांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

इंजिन घुमत होतं. भरदार, एकसारखं, तक्रारीला जागा नाही असं.

त्यांनी टोक सरकवलं. दुसऱ्यावर नेलं, पुन्हा तिसऱ्यावर आणलं. तेच घुमणं. नट आवळताना स्क्रू आपोआप परत फिरला असेल, असं त्यांना वाटलं. या विक्रांतचं काम बिघडवू म्हटलं तरी बिघडत नाही, या विचाराने त्यांना रडू यायचं बाकी राहिलं. त्यांनी डोळे उघडले.

कमलाक्षीने केबिनमध्ये एक हात कानावर धरला होता. रस्त्यापलीकडून अंबाजीराव हातात ग्लास घेऊनच धावत येत होते. "काय झालं हो, अण्णा? गाडी का अशी वाजायली?" ते लांबूनच ओरडले. त्यांच्या मागे विक्रांत होता. तो रस्त्याच्या मधोमध थांबला, मान किंचित तिरकी केली, आणि जवळ न येताच म्हणाला, "तिसरा आहे. इनलेटचा व्हॉल्व."

रणोजीराव इंजिनाकडे पाहत राहिले.

कमलाक्षीने किल्ली बंद केली. खाली उतरून ती म्हणाली, "तुम्ही म्हणत होता तेच निघालं, अण्णा. केवढी टकटक."

विक्रांतचा चेहरा उतरला होता. "मी स्वतः बसवलं होतं सगळं. कसं झालं कळत नाही," तो म्हणाला. "पण आवाज खरा आहे. काका म्हणतील तर मी आजच जुना कॅम परत घालतो."

रणोजीरावांना जे हवं होतं ते सगळं समोर आलं होतं. नुसतं 'हूं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांच्या डोक्यात कमलाक्षीचा कानावर धरलेला हात होता.

"तुला आता ऐकू आलं?" त्यांनी विचारलं.

"बहिऱ्यालाही येईल की," कमलाक्षी म्हणाली. मग जरा थांबून, त्यांच्याकडे न बघता ती पुढे बोलली. "जुना कॅम असाच वाजायचा, अण्णा. दोन वर्षं. मी दोनदा आणली होती गाडी. तुम्ही कान लावून म्हणालात, काही न्हाई, सुम्ने, उगाच भीती घेऊ नको. तुम्हांला वाईट वाटंल म्हणून मग मी..." तिने वाक्य तिथेच सोडलं.

कुकरच्या पाच शिट्ट्या, दोन वर्षांची पाणचट लिंबं, सगळं रणोजीरावांच्या डोळ्यांपुढे एका ओळीत येऊन उभं राहिलं. ते टूलबॉक्सवर बसले. बसल्या बसल्या त्यांनी पाना उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला.

"कॅमला काही झालेलं न्हाई," ते म्हणाले. "मी सैल केला. तिसरा. आत्ता."

अंबाजीराव ग्लासात बघत राहिले. रणोजीरावांनी उठून कव्हर काढलं, पट्टी घातली, स्क्रू जागेवर आणला आणि नट आवळून पुन्हा एकदा मोजलं. इंजिन चालू झालं तेव्हा त्यांनी स्क्रूड्रायव्हरला हात लावला नाही. त्यांनी कमलाक्षीला विचारलं, "गेली?"

"गेली," ती म्हणाली.

त्यांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. दुसरा इलाजच नव्हता.

आयुधपूजेला आपल्याला कोणी बोलावणार नाही, असं धरून ते घरी बसले होते. अंबाजीराव स्कूटर घेऊन आले आणि कमलाक्षीने ताबडतोब बोलावलंय म्हणाले. चामुंडी झेंडूने मढली होती. विक्रांतही आला होता, इस्त्रीच्या शर्टात. कोहळा फुटला. कमलाक्षीने किल्ली रणोजीरावांपुढे धरली. "सयाजीराव असते तर चार शिव्या दिल्या असत्या आणि मग तुम्हांलाच बसवलं असतं. शिव्या तेवढ्या मी सोडून देते," ती म्हणाली.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आज विक्रांतला बसवा. रणोजीराव तसं म्हणाले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ते जागेवर चढून बसले, पण किल्ली फिरवण्याआधी त्यांनी खिडकीतून हाक मारली, "विक्रांतसाब, स्वल्प इथं इंजिनाजवळ उभे राहा."

त्यांनी इंजिन चालू केलं आणि विक्रांतच्या तोंडाकडे बघत राहिले. विक्रांतने मान तिरकी केली, क्षणभर ऐकलं, आणि सगळं ठीक असल्याची खूण केली. रणोजीरावांना त्याचा इतका हेवा वाटला की पंधरा दिवसांचा सगळा हेवा त्यापुढे पोरकट होता. आता त्यांना कॅम नको होता, गाडी नको होती. त्या माणसाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना जे होतं ते हवं होतं.

त्यांनी क्लच सोडला. गाडी हळूच पुढे सरकली. आरशात कमलाक्षीचे जोडलेले हात दिसले, तेव्हा लिंबं फुटली हे त्यांना कळलं.