बुधवारी तीन वाजता

मार्च १९९४. पूंछजवळ आमची गाडी दरीत कोसळली आणि माझा मणका तुटला. मला बेंगळुरूच्या लष्करी रुग्णालयात हलवलं. कमरेखाली काही कळत नव्हतं. मी हवालदार, वय एकतीस, लग्नाला चार वर्षं.

शेजारच्या बेडवर लान्स नायक देवय्या. कोडगूचा, म्हणजे कूर्गचा, तेवीस वर्षांचा, माझ्यासारखाच जखमी. सहाला चहा, सातला ड्रेसिंग, दहाला व्यायाम, मग वॉर्डाच्या डॉक्टर मेजरांची फेरी. भेटायची वेळ चार. माझी बायको सुनंदा बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरात मामांकडे उतरली होती, रोज बसने यायची.

जूनमधल्या एका बुधवारी देवय्या म्हणाला, "उस्ताद, भाभीजी तीन बजे आई थीं। मेजर साब के कमरे में।"

चारला ती वॉर्डात आली. मी विचारलं, "आत्ताच पोहोचलीस?"

"हो. बस उशिरा मिळाली."

खोटं. पुढच्या बुधवारी मी घड्याळावर नजर ठेवली. तीनला सुनंदा आत गेली आणि बेडवरून दिसणारं डॉक्टर मेजरांचं दार वीस मिनिटं बंद. मेजर तरुण होते आणि स्वतःच्या पायांवर उभे होते. आधी वाटलं, घटस्फोटाचे कागद असतील. मग त्याहून वाईट शंका येऊ लागली.

तिसऱ्या बुधवारी ती पाणी आणायला गेली आणि मी तिची पर्स उघडली. आत घडी केलेला कागद. इंग्रजी मजकूर, व्हीलचेअर, मिठीतल्या बाई-पुरुषाची रेखाटनं.

ती परत आली.

"हे कुणी दिलं?"

"मेजरसाहेबांनी. मीच मागितलं."

"कशाला?"

तिने तांब्या खाली ठेवला. "तुम्ही मला अंगसुद्धा पुसू देत नाही. वॉर्डबॉयला हाक मारता. वाटलं, मी नकोशी झाले. म्हणून विचारायला गेले, आपल्यात नवरा-बायकोचं काही उरलंय का."

"काय म्हणाले?"

"उरलंय. पण नव्यानं शिकावं लागेल. दोघांना."

मी कागद घडी करून पर्समध्ये परत ठेवला. माफी मागितली ती दुसऱ्या दिवशी.

पुढच्या वेळी आम्ही दोघं आत गेलो. मेजर म्हणाले, "हवालदार, तीन महीने में एक बार भी नहीं पूछा?"

"सर, पूछ सकते हैं, पता नहीं था।"

त्यांनी सरळ सांगितलं. काय होईल, काय नाही, शरीर अजून कुठे जागं आहे. पुढे रुग्णालयातून सुटून बेंगळुरूतच जे. पी. नगरला घर केल्यावर आम्ही शिकलो. चुकलो, हसलो, एकदा रडलोही.

देवय्याचं लग्न ठरलेलं होतं. आम्ही मेजरांना भेटून आलो त्या संध्याकाळी त्याने हळूच विचारलं, "उस्ताद, मेरा भी कुछ होगा?"

"मेजर साब से पूछ ले।"

"सरी, उस्ताद," तो कन्नडमध्ये 'बरं' म्हणाला. पण लाजला, विचारलं नाही. ऑगस्टमध्ये त्याने मुलीच्या घरी नकार कळवला. पुढच्या वर्षी मूत्रपिंडाच्या संसर्गाने गेला. मानवंदना दिली गेली.

मला कधीही मेजरांना सांगता आलं असतं, त्या पोराशीही बोला म्हणून. मी सांगितलं नाही.