खांद्यावरचा हात

भूतबित मानणाऱ्यांतला मी नाही. लाखांदूरला माझा फोटो स्टुडिओ आहे, आणि या धंद्यात ते मानून चालतही नाही... मेलेल्या माणसांना कोट-टाय चढवणं हे माझं रोजचं काम. घरात एकट्याचा फोटोच नसतो. मग कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून आजोबांना उचलायचं, बाजूचे व्याही-जावई पुसायचे, मागे निळं आभाळ टाकायचं — झाली हार घालायची फ्रेम तयार. आजवर एकाही आजोबांनी तक्रार केलेली नाही.

मागच्या उन्हाळ्यात दिघोरीचा सुरेश आला. त्याचा काका फौजेत होता, फार वर्षांपूर्वी लढाईत गेला. लग्न झालेलं नव्हतं. गावात सैनिकांच्या फोटोंची एक भिंत करायचं ठरलं होतं, आणि घरी काकाचा एकच फोटो. ब्लॅक अँड व्हाइट — गणवेशातले दोन जवान, बाजूच्याचा उजवा हात काकाच्या पाठीमागून येऊन खांद्यावर टेकलेला. दोघं असे हसताहेत, की फोटो काढणाऱ्याचा मला हेवा वाटला.

"याले काढून टाका," सुरेश बाजूच्यावर बोट ठेवून म्हणाला.

काढला. हातही पुसला, खांदा नीट भरला, प्रिंट काचेत बसवून दिली. दोन दिवसांनी सुरेश फ्रेम घेऊन परत!

"हात काहून ठेवला जी?"

खांद्यावर चार बोटं. मी कॉम्प्युटरवर फाइल उघडली — खांदा स्वच्छ. चुकीची प्रिंट गेली असेल म्हणून त्याच्यासमोर नवी काढली. दोघांनी उन्हात धरून पाहिली, हात नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं तीच पुन्हा आणली... बोटं होती. कागद बदलला, शाई बदलली, तरी तेच. एरवी सगळ्यांची चेष्टा करणारा मी, पण त्या दिवशी अंधार पडायच्या आत स्टुडिओ बंद केला.

पुढच्या वेळी सुरेशसोबत एक म्हातारे आले. "हे काकाचे दोस्त. फोटोतले हेच. सिहोऱ्याहून आले भिंतीच्या कार्यक्रमाले," असं सांगून तो फोनवर बोलत बाहेर गेला. म्हाताऱ्यांनी डाव्या हातानं नमस्कार केला. उजवी बाही कोपरापासून रिकामी होती.

मी मूळ फोटो पाहिला, मग बाही. विचारल्याशिवाय राहवेना.

"गोळा पडला तवा हात त्याच्याच खांद्यावर होता," ते म्हणाले. "तो आन माहा हात, दोघं संगंच गेले. मले शुद्ध आली तवा त्याले अग्नी देऊन झाला होता."

"जिवाचे दोस्त होते म्हणजे तुमचे..."

त्यांनी बाहेर सुरेशकडे पाहिलं, आवाज खाली केला. "सगळ्यायले दोस्तच सांगत आलो, बापू. पन माह्यं लगन त्याच्यासंगंच झालं होतं, असं मी मानतो. फौजेत समजलं असतं त दोघायलेबी हाकलून देल्लं असतं. दुसरं लगन मी केलं नाही. दरसाल त्याच्या घरी येतो, पाव्हना म्हणून चहा पेतो, जातो. कधी रडलो नाही. दोस्तासाठी कोनी एवढं रडते काय?"

आणि तिथंच, माझ्या काउंटरवर डोकं टेकवून ते रडले. इतक्या वर्षांचं साठलेलं रडणं... मला पाणी द्यायचंही सुचलं नाही. माझेच डोळे भरून आले होते.

मी म्हणालो, पूर्ण फोटो लावू, दोघांचा.

"नोको. लोकं इचारतीन." त्यांनी डोळे पुसले. "फक्त सांग — त्या भिंतीवर तो एकटा त नाही दिसत?"

सुरेशनं परत आणलेली फ्रेम मी पुढे केली. काचेवरून डाव्या हाताची बोटं त्या बोटांवर फिरवत ते बराच वेळ उभे राहिले. "माहाच हाय," एवढंच म्हणाले.

सुरेश दारात कधीचा उभा होता. "राहू द्या भाऊ तसाच," तो मला म्हणाला. मग म्हाताऱ्यांचा खांदा धरून, "चला काका, घरी जेवू."

फ्रेम आता भिंतीवर आहे. म्हातारे हिवाळ्यात गेले. फाइलमध्ये खांदा आजही स्वच्छ आहे... मशीन दोनदा तपासून घेतली, ओळखीच्या स्टुडिओवाल्यांना विचारलं, कारण काही सापडलं नाही. आता कुणी जुना फोटो आणून 'बाजूच्याला काढून टाका' म्हणालं, की मी माउस बाजूला ठेवतो आणि आधी विचारतो — हा कोण होता?

बहुतेकांना माहीत नसतं.