बदलीवाली आणि आईचा कप

माझी अर्धी नोकरी कामगार न्यायालयात टंकलेखन करण्यात गेली. कामावरून काढलेल्याला परत घ्या, आजारपणाची रजा कापू नका, असे निकाल मी ढिगाने टाइप केले. त्यातला एकही माझ्या आईला लागू झाला नसता. ती शिवाजी पार्कच्या एका घरी धुणंभांडी करायची, आणि कायद्याच्या लेखी घर म्हणजे काही कारखाना नव्हे. तरीही आईचं काम एकदा जाता जाता वाचलं. ते कोणामुळे, हे लिहून ठेवायला हवं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. एका हरताळाच्या सकाळी ट्राम बंद, म्हणून आई परळहून चालत निघाली. वाटेत पोलिसांनी जमाव पांगवला. धावणाऱ्यांचा धक्का लागून ती पडली आणि उजवं मनगट मोडलं. वडील गिरणीत बदलीवर होते. रोज फाटकाशी उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. आईचंही काम गेलं असतं तर आधी माझी शाळा सुटली असती. हे मला कळत होतं.

चाळीतल्या बायकांनी हाच बदलीचा रिवाज गिरणीतून उचलला होता. एखादी आजारी पडली, बाळंत झाली, की दुसरी तिच्या जागी जायची. पहिली बरी झाली की जागा सोडायची, एवढाच नियम. आईच्या बदलीवर खालच्या मजल्यावरची मालवणची मावशी निघाली. विधवा, पदरात दोन मुली. तिला कामाची गरज आमच्याहून जास्त होती. म्हणूनच आई धास्तावली होती.

मावशीला घर दाखवायला मी गेले. पुढेही शाळा सुटली की कपडे पिळू लागायला जायची.

त्या घरात कामवालीचा कप वेगळा असायचा. कान तुटलेला, मोरीच्या खिडकीत पालथा. तो अपमानच होता, त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. पहिल्या दिवशी घरच्या मालकीणबाई, वहिनी, त्यात चहा ओतायला लागल्या, तर मावशीने पिशवीतून स्वतःचा पितळी पेला काढला.

"का गं? आमच्या कपाचा विटाळ होतो की काय तुला?" वहिनी हसल्या.

"कप तिचा आहे. ती आली की पिईल."

हेही चाळीत ठरलेलं होतं. बदलीवालीने पहिलीच्या कपाला हात लावायचा नाही. जागा राखायला बायकांच्या हाताशी तेवढी एकच वस्तू होती.

वहिनी वाईट नव्हत्या. त्यांचे यजमान, साहेब, तर पार्कावरची एक सभा चुकवत नसत, जेवताना गिरणी कामगारांच्या हक्कांवर तावातावाने बोलत. मोरीतल्या बाईलाही रजा असू शकते, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. तेव्हा ते फार थोड्यांच्या डोक्यात होतं.

आईचं प्लास्टर निघायच्या सुमारास वहिनी म्हणाल्या, "तुझं काम स्वच्छ आहे बाई. तूच राहा आता. त्या हाताने तिला काय जमणार?"

आम्ही दोघी चादर पिळत होतो. मला वाटलं, ही हो म्हणणार. तिच्या जागी मी असते तर म्हटलं असतं.

"घर तिचं आहे, वहिनी," मावशी पिळता पिळताच म्हणाली. "मी बदलीवर आलेय."

"मग मला दुसरी बघावी लागेल."

"बघा की. परळवरनं कोण यायची नाही."

साहेब वर्तमानपत्रामागून म्हणाले, "हा तर संप झाला."

"मग या, भांडी घासा," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. पुन्हा तो विषय निघाला नाही.

परतताना मी विचारलं, "मावशी, का नाही राहिलीस?"

"उद्या मी पडलंय तर माझ्या जागेर कोण जातली? तुझी आवसच ना?"

आणि खरंच, पुढे तिला टायफॉइड झाला तेव्हा तिच्या जागी आईच बदलीवर गेली.

माझी शाळा चालू राहिली, नोकरी लागली, ती मावशीच्या त्या दोन वाक्यांवर. 'पूर्ववत कामावर रुजू करून घ्यावे' असं टाइप करताना दर वेळी मला ती चादर आठवायची. मावशीजवळ ना शिक्का होता ना कलम, आणि आपलं काम ती सोडत होती.

आई कामावर गेली त्या संध्याकाळी मावशी जिन्याशी तिची वाट बघत उभी होती.

"चाय पिऊन इलंस?"

"आले."

"तुझ्याच कपात?"

"माझ्याच. साखर कमी होती, आणि कपावर ही धूळ."

"कप धुवन घेवचो होतो," मावशी म्हणाली आणि बादली घेऊन नळावर गेली.