चुलतभावाला शिकवलेलं पदार्थविज्ञान

माझा चुलतभाऊ मठ्ठ आहे, असं मी त्या काळी घरीदारी सांगत असे. ते खरं नव्हतं. तो आळशी होता, आणि आळशाला शिकवताना जेवढा संताप होतो तेवढा मठ्ठाला शिकवताना होत नाही. मठ्ठ माणूस निदान प्रयत्न करतो. हा जांभया देत बसायचा आणि मध्येच उठून घोड्याला चारा टाकून यायचा.

आम्ही एकाच वयाचे, एकाच घरातले, एकाच वर्गात. तापीकाठच्या आमच्या गावातून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत आम्ही दोघं दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून जायचो. वर्गात मी एकटी मुलगी. मला शाळेत घालताना वडिलांनी एकच अट घातली होती आणि ती घरातल्या सगळ्यांसमोर घातली होती. "भाऊ वर्गमा शे तवलगून तू जा. तो नही, ते तू भी नही." मुलांच्या घोळक्यात मुलगी एकटी बसली तर गाव बोलणार, शेजारी भाऊ बसला तर बोलणार नाही, एवढाच त्यातला हिशेब. आमच्याकडे ज्या दोन-चार घरांतल्या मुली इंग्रजी शाळेत गेल्या, त्या सगळ्या अशाच कुठल्या तरी भावाच्या सावलीत गेल्या. भाऊ वर चढला की बहीण वर, भाऊ अडला की बहीण घरी. त्याच्या मागे राहून पुन्हा त्याच वर्गात बसायची सोयही नव्हती, कारण पोरीचं वय कुणी थांबवून धरत नाही.

तेव्हा माझं मॅट्रिक त्या जांभया देणाऱ्या तोंडावर अवलंबून होतं. बाकीचे विषय तो कसेबसे काढायचा. अडायचा तो पदार्थविज्ञानात.

आमचे पदार्थविज्ञानाचे सर पुण्याकडचे. त्यांच्या वर्गात एक काचेचं कपाट होतं आणि त्याची किल्ली त्यांनी जानव्याला बांधलेली असायची. आत तराजू, लोहचुंबक, काचनळ्या, तापमापक, रबरी नळ्या, पितळी वजनं. सर एकेक वस्तू बाहेर काढायचे, टेबलापलीकडून दाखवायचे, फळ्यावर तिची आकृती काढायचे आणि वस्तू परत आत. "शेणात हात घालणाऱ्यांनी याला हात लावायचा नाही," असं ते हसत म्हणायचे. कुणी लावलाच तर छडी बोटांच्या पेरांवर बसायची. वर्षभर आम्ही आकृत्या काढायचो आणि वार्षिक परीक्षेला सर प्रत्येकाला टेबलाशी बोलावून प्रयोग करून दाखवायला लावायचे. ज्या वस्तूला वर्षभर हात लावलेला नाही ती त्या दिवशी हातात यायची आणि मुलांचे हात थरथरायचे. सर ते पाहून खूश व्हायचे. प्रयोगात जो नापास, त्याला वर चढवायचं नाही, हा त्यांचा नियम होता आणि हेडमास्तरसुद्धा तो मोडत नसत.

मी ठरवलं की कपाट घरीच उभं करायचं. आमच्याकडे काय कमी होतं? बटाटा साध्या पाण्यात बुडतो आणि मिठाच्या पाण्यात तरंगतो, हे मी आईच्या घागरीत दाखवलं. मुसळाखाली वीट सरकवून शेंगांचं पोतं उचलायला लावलं, म्हणजे टेकू कुठे घेतला की जोर कमी लागतो ते त्याच्या खांद्यालाच कळावं. पपईच्या पानाचा पोकळ देठ पाण्यात बुडवायचा, वरचं तोंड बोटानं दाबायचं, पाणी आत अडकून राहतं. सायकलच्या दुकानातून रबरी नळीचा तुकडा आणवला. लोखंडी सळईवर मेणाच्या गोळ्या चिकटवल्या. सगळं झालं, पण विद्यार्थी जागचा हलेना. "कसाले करी ऱ्हायनी हाई सगळं? माले घोडाना याफार करना शे," तो म्हणायचा. त्याला घोड्यांचा व्यापारी व्हायचं होतं. सारंगखेड्याच्या यात्रेतून काकांनी त्याला एक शिंगरू आणून दिलं होतं, तेव्हापासून तर त्याचं डोकं पार तिकडेच गेलं होतं.

मग मी शिक्षा सुरू केली. पेला काठोकाठ भरायचा, वर कागद ठेवायचा आणि उलटा करून त्याच्या डोक्यावर धरायचा. खालून हवा कागदाला वर दाबते म्हणून पाणी सांडत नाही. हे त्यानं नीट सांगितलं तर पेला बाजूला. चुकला की मी नखानं कागदाचा कोपरा सोडवायची. थंडीच्या दिवसांत, सकाळी, अंगणात, सालदार गडी बैल सोडत असताना. तो नखशिखांत भिजायचा आणि सालदार फिदीफिदी हसायचे. सळईचं एक टोक चुलीत आणि दुसरं त्याच्या मुठीत द्यायची. "आता कुठली गोळी पडेल? का? आणि तुझ्या हाताला ऊब केव्हा लागेल?" उत्तर येईपर्यंत सोडायचं नाही. एकदा तळहाताला फोड आला. काकूनं विचारलं तेव्हा त्यानं चुलीवर भाजलं म्हणून सांगितलं, माझं नाव घेतलं नाही. मला वाटलं, भ्याला. मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही. माझं सगळं आयुष्य त्याच्या मुठीत होतं, एक फोड त्याच्या हातावर आला तर काय बिघडलं?

आणि तो शिकला. माघ संपेपर्यंत त्याला सगळं यायला लागलं. मी रागानं विचारायची आणि तो शांतपणे, माझ्याकडे न बघता, बिनचूक सांगायचा. त्याच्या शांतपणाचा मला आनंदच झाला होता. आता मॅट्रिक कुठे जात नाही, या खुशीत मी आईला पुढच्या वर्षाची पुस्तकंसुद्धा सांगून ठेवली.

परीक्षेच्या दिवशी सरांनी टेबलावर दोन काचपात्रं मांडली होती. एक पाण्यानं भरलेलं, उंच लाकडी ठोकळ्यावर. दुसरं रिकामं, खाली. मध्ये रबरी नळी. वरच्या पात्रातलं पाणी, पात्र न कलवता, खाली आणून दाखवायचं आणि कारण सांगायचं. मुलं एकामागून एक गेली. कुणी नळी पाण्यातून बाहेर काढली, कुणाला ठसका लागला. सर प्रत्येकावर काहीतरी कुजकं बोलले.

माझा भाऊ गेला. त्यानं नळी घेतली, पाणी ओढलं, बोटानं तोंड दाबून खाली नेलं आणि सोडलं. धार अखंड लागली. इतकी सफाई त्या दिवशी एकाच्याही हाताला नव्हती. सरसुद्धा पुढे वाकले.

"छान. आता सांग, पाणी वर चढून मग खाली का येतं?"

भावानं मान वळवली. मुलीचा नंबर शेवटी, म्हणून मी भिंतीशी उभी होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, चांगलं सावकाश पाहिलं आणि म्हणाला, "माहीत नाही."

"नळीचं तोंड वर उचललं तर काय होईल?"

"माहीत नाही."

"हवेचा दाब म्हणजे काय?"

"माहीत नाही, सर."

सरांनी छडी घेतली. त्यानं हात आपणहून पुढे केला आणि छड्या खाताना डोळ्याची पापणीही हलवली नाही. मला राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच वर्गात न विचारता बोलले. "सर, त्याला येतं. मी घरी शिकवलंय. पुन्हा एकदा विचारा ना."

सर खदाखदा हसले. "मुलीनं शिकवलंय होय? म्हणूनच तर!" सगळा वर्ग हसला. सरांनी त्याच्या नावापुढे शून्य काढलं आणि मला बोलावलं. मी प्रयोग केला, कारणं सांगितली, एकही चूक केली नाही. सरांनी मला पैकीच्या पैकी गुण दिले. ते देताना म्हणाले, "मुलगी हुशार आहे, सासरी पाणी भरायला उपयोग होईल."

परत येताना दमणीत आम्ही दोघंच. तोच हाकत होता, कासरा डाव्या हातात, कारण उजवा सुजला होता. शाळा मागे पडली. मग तोंडातून निघालंच, "का रे असं केलंस? तुझंही वर्ष गेलं ना!"

"मन्हं एक साल गये ते काय व्हयनं? वावर कोठे पळी जाई?" तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. त्याचं एक वर्ष जाणार होतं, माझी सगळीच. जूनमध्ये तो त्याच बाकावर पुन्हा बसला, मी स्वयंपाकघरात. वडील शब्दाचे पक्के, त्यांनी माझे गुण पाहिले, खरंच कौतुक केलं आणि दिवाळीनंतर माझं लग्न लावून दिलं. पण ते सगळं पुढचं.

त्या संध्याकाळी कपाशीच्या रिकाम्या वावरांमधून दमणी चालली होती. बैलांना हाक देऊन तो एकदम बोलायला लागला. माझ्याकडे पाठ, आवाज अगदी संथ.

"भायेरनी हवा वरना भांडाना पाणीले दाबस. म्हनीसन पाणी नळीमा चढस. खालली बाजू लांबी, तिन्हामा पाणी जास्त, जड. ते खाले जास आनि मांगनं पाणी ओढी लेस. नळीनं तोंड वरना पाणीपेक्षा वर करं का धार थांबी जास." मग त्यानं मान वळवून विचारलं, "बराबर शे ना?"

एकही शब्द चुकला नव्हता. क्रमही मी शिकवला तोच.

"बरोबर आहे," मी म्हटलं.